कोणता पाय वर करतो?

गुंड्या तिरका बसायचा. डावी मांडी अंगाखाली नीट मुडपलेली आणि उजवा पाय बाजूला सांडून ठेवल्यासारखा. 'सरदार बसले बघा दरबारात,' असं नवरा म्हणायचा आणि फोटो काढायचा. ते फोटो आजही आहेत. आता चाळायला घेतले की माझी नजर कुत्र्यावर ठरत नाही, थेट उजव्या गुडघ्यावर जाते. निदान आठ महिने तो गुडघा पुरता वाकवायचं टाळत होता आणि आम्ही त्याला ऐट म्हणत होतो.

मग एका संध्याकाळी चेंडूमागे धावताना तो झटकन वळला आणि थांबला. केकाटला वगैरे नाही. उजवा पाय पोटाशी उचलून धरला आणि तीन पायांवर, शेपूट हलवत, चेंडू तोंडात घेऊन माझ्याकडे आला. त्या शेपटीनं मला आणखी दोन दिवस फसवलं.

पशुवैद्यांनी हलकी गुंगी देऊन त्याचं मांडीचं हाड एका हातात पक्कं धरलं, नडगी दुसऱ्या हातात, आणि नडगी पुढे सरकवून दाखवली. टेबलाचा खण ओढल्यावर यावा तशी ती पुढे आली. या तपासणीचं नावच मुळी 'ड्रॉवर' आहे. गुडघ्यातलं पुढचं क्रूसिएट लिगामेंट, म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांना बांधून ठेवणारा दोर, तुटलं होतं. वळताना तुटलं का, असं मी विचारलं, तर म्हणाले, त्या दिवशी शेवटचा धागा तुटला असेल. फुटबॉलपटूचं हेच लिगामेंट एका हिसक्यात तुटतं. कुत्र्याचं मात्र बहुतेक वेळा महिनोन्महिने आतून उसवत आलेलं असतं. आपण गुडघे सरळ ठेवून उभे राहतो, कुत्रा कायम वाकवून. त्यातून त्याच्या नडगीचा माथा मागच्या बाजूला उतरता, साधारण २५ अंशांनी. प्रत्येक पावलाला मांडीचं हाड त्या उतारावरून घसरू बघतं आणि हा दोर ते धरून ठेवतो. एका गुडघ्यातला दोर गेला की जवळपास निम्म्या कुत्र्यांचा पुढेमागे दुसऱ्याही गुडघ्यातला जातो, हेही त्यांनी तेव्हाच सांगून टाकलं. बरं केलं.

ऑपरेशनमध्ये लिगामेंट शिवत नाहीत, त्याची गरजच काढून घेतात. नडगीचा माथा गोल करवतीनं कापायचा, थोडा फिरवायचा, उतार पाचेक अंशांवर आणायचा आणि पट्टी-स्क्रू लावून बसवून टाकायचा. मला ही युक्ती फार आवडली. दोर टिकत नाही ना, मग उतारच घालवा. आणि मला वाटलं, झालं. टाके निघाले की पळायला लागेल.

त्याच वर्षी माझ्या आईचा गुडघा बदलला होता, त्यामुळे 'फिजिओ' हा शब्द घरात नवा नव्हता. पण कुत्र्यालाही फिजिओकडे न्यायचंय म्हटल्यावर आई खुर्चीतून खो खो हसली. 'त्याला सांगून ठेव,' म्हणाली, 'दहा सांगितले की सहा करायचे आणि दहा झाले म्हणायचं.'

पहिल्या भेटीत फिजिओबाईंनी पाव तास गुंड्याला हातसुद्धा लावला नाही. त्या जमिनीवर मॅटवर बसून राहिल्या. तो खोलीत कसा शिरतो, कोणत्या बाजूनं वळतो, बसताना आधी काय टेकतो, उठताना जोर कुठून लावतो, हे बघत. मग प्रश्न सुरू झाले. झोपतो कोणत्या कुशीवर? पायऱ्या चढताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलतो का, सशासारखे? कोणत्या पायाची नखं जास्त झिजलीत? मला यातलं अर्धंमुर्धं सांगता आलं. मग त्यांनी विचारलं, 'लघवीला कोणता पाय वर करतो?'

'उजवा,' नवरा म्हणाला. 'डावा,' मी म्हणाले. एकाच वेळी.

सहा वर्षं, रोज दोनदा, आम्ही त्याच्या दोरीचं दुसरं टोक धरून उभे होतो. बाईंनी वहीत प्रश्नचिन्ह काढलं. 'आणि आता?' आता तो कुठलाच पाय उचलत नव्हता, कुत्रीसारखा बसून उरकत होता. त्या म्हणाल्या, साहजिक आहे. जो पाय वर करतो तो महत्त्वाचा नाही, ज्याच्यावर उभा राहतो तो महत्त्वाचा. ते आपोआप होईल तेव्हा मला कळवा. मुद्दाम करायला लावू नका.

मग टेप निघाली. मांडीचा घेर दोन्हीकडे एकाच उंचीवर मोजायचा. डावी ४१ सेंटीमीटर, उजवी साडेसदतीस. स्नायू किती भराभर उतरतो याचा अंदाज मला आईच्या मांडीवरून होता, पण केसांखाली काही दिसत नाही. दाट केसांचा कुत्रा म्हणजे झाकली मूठ. नंतर गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायची, कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन लांब हात फुटल्यासारखी पट्टी. धडधाकट लॅब्रडॉरचा गुडघा मिटला की सुमारे ४१ अंशांपर्यंत येतो आणि उघडला की १६२ पर्यंत जातो. आमच्या लॅब्रडॉरसदृश गुंड्याचा ना धड मिटत होता, ना धड उघडत होता.

मी वही-पेन काढून विचारलं, 'त्याच्याकडून रोज किती वेळा करवून घ्यायचं?'

'करवून नाही घ्यायचं,' त्या म्हणाल्या. 'त्याला करावंसं वाटेल असं बघायचं.'

तेव्हा मला ते जरा गोडगोड वाटलं. आपल्या भाषेत करणं आहे, करवणं आहे, करवून घेणं आहे, करू देणं आहे. कुत्र्याशी आमचा सगळा व्यवहार करवून घेण्याचा होता. बस, ऊठ, शेकहँड, चेंडू आण. तो चेंडूही मीच हज्जारदा फेकला होता, व्यायाम व्हावा म्हणून, दर वेळी त्याच उसवत्या गुडघ्यावर गर्रकन वळायला लावत.

पहिले आठवडे तर नुसते न-करण्याचे होते. धावणं नाही, उडी नाही, जिना नाही. बाहेर जायचं ते दोरीला बांधून, पाच मिनिटं, तेही इतकं सावकाश की बघणाऱ्याला वाटावं दोघांपैकी कोणीतरी आजारी आहे. सावकाश का, तर कुत्रा वेगात चालला की दुखरा पाय उचलून तीन पायांवर सहज निभावून नेतो. गती कमी केली की चौथा पाय टेकवावाच लागतो. पोटाखालून मऊ कापडाचा झोळ धरायचा, घसरला तर सावरायला. आणि घरात, दिवसातून दोन-तीनदा, त्याला डाव्या कुशीवर निजवून उजवा गुडघा हातांनी मिटायचा-उघडायचा. दहा-पंधरा वेळा. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. सांधा हलला, दाबला-सोडला गेला, की त्यातल्या वंगणातून तिला पोषण मिळतं. म्हणून पाय पडून राहून चालत नाही आणि जोर लावूनही चालत नाही.

जोर कुठे संपतो हे शिकायला मला आठवडा लागला. दुखलं की चावेल, ओरडेल, अशी माझी कल्पना. तसं काही होत नाही. आधी जीभ आत जाते. धापणारं तोंड मिटतं. मग कान थोडे मागे. मग तो मान वळवून माझ्या हाताकडे बघतो, रागानं नाही, नुसता बघतो. पुढे कधीतरी ओठ चाटतो. त्या बघण्याच्या आधी थांबायचं असतं. पहिल्या दिवशी मी मोजत बसले होते, बारा, तेरा, चौदा, आणि तो केव्हाचा बघत होता.

बाई हात ठेवायच्या तो मात्र गुडघ्यावर नाही, खांद्यांवर. मला ते उगाच लाड वाटले. कारण असं की उभ्या कुत्र्याचा साठ टक्के भार तसाही पुढच्या पायांवर असतो. मागचा एक पाय निकामी झाला की पुढच्यांवर आणखी. आणि कुत्र्याला गळपट्टीचं हाड नसतं. आपला हात त्या हाडानं छातीच्या पिंजऱ्याला जोडलेला असतो, त्याचा पुढचा पाय नुसत्या स्नायूंनी धडाला बांधलेला. सगळं पुढचं धड म्हणजे दोन खांबांमध्ये टांगलेला पाळणा. गुडघ्याचं देणं महिनोन्महिने खांदे फेडत होते. बाईंची बोटं तिथे फिरली की गुंड्या असा निःश्वास टाकायचा की आम्ही सगळे गप्प व्हायचो.

घर बदललं. गुळगुळीत फरशीवर त्याचे मागचे पाय फाकायचे, म्हणून दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत रबरी तळाच्या चटया आल्या. नखं कापली, कारण वाढलेलं नख आधी जमिनीला टेकतं आणि पंजाला पकड घेऊ देत नाही. आणि वजन. ३४ किलो. आम्हाला तो भारदस्त वाटायचा. बाई बरगड्या चाचपून म्हणाल्या, सापडत नाहीयेत. आपल्या हाताच्या मागच्या बाजूवर बोटं फिरवल्यावर हाडं जशी लागतात, तशा बरगड्या लागायला हव्यात. मग त्यांनी एका जुन्या अभ्यासाबद्दल सांगितलं, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या. ४८ लॅब्रडॉर, एकाच वेतातल्या जोड्या लावून, जन्मभर. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा अन्न कमी. कमी खाणारे सरासरी १३ वर्षं जगले, बाकीचे ११.२. आणि त्यांच्या सांध्यांची कुरकुरही उशिरा सुरू झाली. गुंड्याच्या वाडग्याकडे बघून मला गुन्हेगार वाटलं. त्या रात्री आईनं त्याला हळूच काहीतरी दिलं, ते मी पाहिलं आणि काही बोलले नाही. तिलाही तिचा फिजिओ वजनावरून बोलायचा.

बसून उठण्याचा व्यायाम सगळ्यात साधा आणि सगळ्यात लबाडीचा. माणसाच्या उठाबशाच त्या. पण कुत्रा लबाडी कशी करतो? आईसारखीच, फक्त आकड्यात नाही, कोनात. पाय बाजूला टाकून बसतो, डाव्यावर भार देऊन उठतो आणि खाऊसाठी तोंड उघडतो. त्यावर उपाय भिंतीचा. उजवी बाजू भिंतीला लावून बसवलं की पाय बाहेर सांडायला जागाच राहत नाही. 'करू देणं' म्हणजे काय ते मला पहिल्यांदा त्या भिंतीपाशी कळलं. मी काही म्हटलं नाही, ढकललं नाही. जागा अशी होती की नीटच बसावं लागलं.

पुढे काठ्या आल्या. जमिनीवर ओळीनं ठेवलेल्या आडव्या काठ्या, घोट्याच्याही खाली. या प्रकाराला 'कॅव्हालेटी' म्हणतात, इटालियनमध्ये छोटे घोडे, कारण विद्या मूळची घोड्यांना शिकवणाऱ्यांकडची. काठी ओलांडायची तर प्रत्येक पाय वेगळा, वाकवून, भान ठेवून उचलावा लागतो. कुत्र्याला आपले मागचे पाय आहेत याची फारशी जाणीव नसते, ते इंजिनामागून डबे यावेत तसे येतात, असं माझं मत झालं. आम्ही झाडूचे दांडे वापरले. पहिल्या दिवशी गुंड्यानं एक दांडा उचलून अंगणात नेला.

पण खरा देखावा पाण्यातल्या ट्रेडमिलचा. काचेची पेटी, तळाशी पट्टा, कुत्रा आत उभा राहिला की खालून कोमट पाणी चढत येतं, तीसेक अंशांचं. पाणी कमरेपर्यंत आलं की पायांवरचा भार मूळ वजनाच्या ३८ टक्के उरतो. गुडघ्यापर्यंतच असेल तर मात्र ८५ टक्के. हे वाचायला कोरडं आहे, पण पेटीबाहेर उभं राहून बघताना अंगावर काटा येतो. ३४ किलोचा माझा कुत्रा तेराएक किलोचा झाला होता आणि त्याचा उजवा पाय, तीन महिन्यांत मी पाहिला नव्हता तसा, पूर्ण उचलून पूर्ण टेकत होता. पाण्याखाली. काचेतून अगदी स्पष्ट. बाहेर आला, अंग झटकलं, आम्हा सगळ्यांना भिजवलं आणि पुन्हा लंगडला. पण कमी.

त्या पेटीची वाट बघताना मी इतर लोकांना भेटले. एक लांब पाठीचा डॅक्सहुंड होता, मणक्यातली चकती सरकून मागचे पाय गेलेला. त्याची बाई दर वेळी त्याच्या पायाचं बोट चिमटून बघायची आणि पाय आखडला की म्हणायची, कळतंय त्याला. एकदा फिजिओबाईंनी तिला शेजारी बसवून समजावलं: पाय आखडतो तो पाठीच्या कण्याच्या खालच्या खालीच. डोक्यापर्यंत निरोप पोचला तर तो मान वळवेल, कुरकुरेल. ते पाहायचं. ऐकताना मी माझ्या हातांकडे बघत बसले. दोन आठवड्यांनी ती बाई दारातून आत येता येताच ओरडली, 'आज गुरगुरला माझ्यावर!' आणि अख्ख्या खोलीनं टाळ्या वाजवल्या.

आणि एक वयस्क जर्मन शेफर्ड, चाकांच्या गाडीत. त्याला मज्जारज्जू हळूहळू झडत जाण्याचा आजार होता, न थांबणारा. २००६ सालच्या एका लहानशा पाहणीत अशा २२ कुत्र्यांची तुलना केली होती. ज्यांचा कसून व्यायाम घेतला ते सरासरी २५५ दिवस जगले, ज्यांचा अजिबात घेतला नाही ते ५५. बावीस कुत्री म्हणजे फार नव्हेत, आणि व्यायाम झेपणारी मुळातच बरी असतील, अशीही शंका घेता येते. शेफर्डच्या मालकांना हे सगळं पाठ होतं. निवृत्त गृहस्थ. म्हणाले, 'दोनशे दिवस म्हणजे दोनशे सकाळी झाल्या हो,' आणि त्याच्या पंजाखालची मॅट सरळ केली.

यंत्रांबद्दल माझं मत सांगून टाकते. लेझर आहे, विजेचे हलके झटके देणारी यंत्रं आहेत. लेझरच्या वेळी कुत्र्याला गॉगल घालतात, त्याचा फोटो फार छान येतो. पण लेझरवरचे अभ्यास उलटसुलट आहेत, आणि बाईही त्याला मसाल्यासारखं वापरायच्या, जेवण म्हणून नाही. जिथे नुसती यंत्रंच लावून पाठवतात, घरी काय करायचं ते सांगत नाहीत, तिथे मी दुसऱ्यांदा गेले नसते.

या सगळ्यात ठकी कुठे होती? कपाटाखाली, नाहीतर सोफ्याच्या कोपऱ्यात. ठकी आमची मांजर, तेरा वर्षांची. 'म्हातारी झाली, शांत झाली,' असं आम्ही म्हणायचो. गुंड्याच्या नादानं माझी नजर बिघडली होती, म्हणजे सुधारली होती, आणि एका दुपारी ती मला खिडकीखाली दिसली. मान वर करून कठड्याकडे बघत होती. मागचं धड किंचित हललं, उडीचा अंदाज घेतला. मग तिनं उडी रद्द केली आणि पंजा चाटू लागली, जणू खिडकीशी तिचा काही संबंधच नव्हता.

मी तिला हातात घेतलं. पाठीच्या टोकाशी केसांच्या गुठळ्या. तिथपर्यंत तोंड पोचत नव्हतं. नखं जाड, वळलेली. आणि ती अलीकडे वाळूच्या ट्रेच्या बाहेर घाण करते म्हणून मी तिला रागावले होते. ट्रेची कड वीतभर उंच.

बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासलेला एक अभ्यास आहे, तोही २००२ चाच. नव्वद मांजरांच्या सांध्यांत झीज निघाली. शंभरात नव्वद. आणि लंगडणारं मांजर तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत? ते लंगडतच नाही. न जमणारी गोष्ट ते आयुष्यातून वजा करतं, आणि आपण त्या वजाबाकीला स्वभाव म्हणतो. मॉन्ट्रियलच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची मोजपट्टी तयार केली: कान, डोळ्यांची फट, नाकातोंडाभोवतीचा ताण, मिशा, डोक्याची ठेवण. घुरघुर त्यात नाही. मांजर दुखतानाही घुरघुरतं.

क्लिनिकमध्ये ठकी पेटीतून बाहेर आलीच नाही. बाईंनीही आग्रह केला नाही. म्हणाल्या, घरी व्हिडिओ काढा, तिला न कळता. चालताना, जिन्यावर, खाली उतरताना. त्यावरून पशुवैद्यांशी बोलून औषध ठरलं. (इथे एक गोष्ट ओरडून सांगायची आहे: माणसाची गोळी नाही. मांजराच्या यकृताला पॅरासिटामॉल निभावत नाही, एक गोळी जीव घेते.) आणि मग व्यायाम. कुत्रा निदान तुमच्या शब्दाखातर काही करतो. मांजराला व्यायाम चालू आहे हे कळू द्यायचं नसतं. जाड उशीवरून दोरी हळू ओढायची, म्हणजे ती पाय उचलून ओलांडेल. खाऊ बुटक्या खोक्यावर ठेवायचा, म्हणजे पुढचे पाय वर आणि मागच्यांवर भार. दोन मिनिटं. तिनं पाठ फिरवली की संपलं, मग सहा झालेले असोत नाहीतर शून्य. खिडकीखाली दोन स्टुलं लावली, एक बुटकं, एक उंच. ट्रेची एक कड कापून काढली. तीन दिवस ती स्टुलांना वळसा घालून गेली. चौथ्या दिवशी मी स्वयंपाकघरातून आले, तर ती कठड्यावर, बाहेर बघत. कशी चढली ते कुणीही पाहिलं नाही.

गुंड्याचं हाड आठव्या आठवड्याच्या एक्स-रेत जुळलेलं दिसलं. वजन ३० वर आलं. नवव्या आठवड्यात त्यानं फिरायला गेल्यावर पहिल्यांदा पाय वर केला, उजवा, आणि आम्ही भर रस्त्यात एकमेकांना टाळी दिली. मी बाईंना कळवलं. त्यांचं उत्तर आलं: 'छान. पण उभा डाव्यावर आहे ना.' पुढचे जवळजवळ तीन महिने तेच. उजवाच वर. मांडीच्या घेरातला फरक अडीचवर आला, दीडवर आला, मग तिथेच अडला. आई काठी सोडून चालायला लागली होती आणि बाहेर आमच्याबरोबर येऊन खांबापाशी उभी राहायची. 'काय गं, कुठला?' 'उजवाच.' 'लबाड आहे.'

एकविसाव्या आठवड्यातली सकाळ. रिमझिम होती, मी घाईत होते, आई आली नव्हती. गुंड्यानं नेहमीचा खांब हुंगला, त्याच्याभोवती उलट्या बाजूनं फिरला, कारण नेहमीच्या बाजूला डबकं होतं, आणि डावा पाय वर केला. सगळा भार उजव्यावर. पाय थरथरला नाही. तो दूर कुठेतरी बघत होता.

मी तिथेच उभं राहून बाईंना एक शब्द पाठवला: 'डावा.'

मिनिटभरात उत्तर: 'किती सेकंद?'

मी मोजले नव्हते.